केसराच्या डबीतलं बायक्रोमेट

कुंडलिक फोटोग्राफरच्या उजव्या हाताच्या बोटांवर तीन खळगे होते. प्रत्येकात मुगाचा दाणा बसेल एवढे. शिवाय नाकाच्या मधल्या पडद्याला भोक होतं. एका नाकपुडीतून घातलेला दोरा तो दुसरीतून बाहेर काढून दाखवायचा आणि गल्लीतली पोरं हसून लोळायची. उज्ज्वलावहिनींनी लग्नानंतर हा खेळ बंद पाडला. बंद पाडला म्हणजे पोरांसमोरचा. माझ्यासमोर चालूच होता.

नारायणगावच्या पेठेत त्याच्या स्टुडिओसमोर माझं मेडिकल. मी रामदास, औषधं विकणारा माणूस. हातमोजे घाल, हातमोजे घाल म्हणून मी त्याच्या कानीकपाळी इतकं ओरडलो, की तेवढ्यात भिंतीनंसुद्धा मोजे घातले असते. तो म्हणायचा, "मोजं घातल्यावर निगेटिव्ह हाताला कळत न्हाई, राव." मी एक जोडी आणून दिली, तर तिचा बोटांचा भाग कापून त्यानं बाटल्यांच्या तोंडाला बसवला.

मूळचा तो पिंपळवंडीचा. चौघा भावांत दोन एकर, म्हणून सोळाव्या वर्षीच पुण्याकडं एका सूत रंगवायच्या कारखान्यात लागला. तिथं मोठ्या हौदात कात उकळायचे, त्यात सूत बुडवायचे, ते तपकिरी व्हायचं. पण नुसत्या काताचा रंग धुण्यात टिकत नाही. मग दुसरा हौद असायचा, नारिंगी पाण्याचा. पोटॅशियम बायक्रोमेटचे खडे विरघळवलेलं पाणी. त्यात सूत बुडवलं की रंग पक्का, कपडा फाटेल पण रंग जाणार नाही. कुंडलिक चार वर्षं त्या हौदात उघड्या हातानं सूत खालीवर करत होता. आधी खाज आली, मग पुटकुळी, मग पुटकुळीच्या जागी खड्डा. मजा अशी की त्या खड्ड्याला फारशी कळ येत नाही. दुखलं असतं तर पोरगा पहिल्याच महिन्यात पळून आला असता. वाफ आणि धूळ नाकात जायची, सकाळी शिंकरलं की रक्त यायचं. पुढं वास कळेनासा झाला. उज्ज्वलावहिनींची भाजी करपली तरी हा मिटक्या मारत जेवायचा, आणि वहिनी त्याला प्रेम समजायच्या.

कारखाना सोडून तो मंचरला एका स्टुडिओत फोटोग्राफी शिकला आणि एकोणनव्वद साली आमच्या पेठेत आला. मदनलालशेठनं आपल्या घराची पुढची खोली त्याला भाड्यानं दिली. मदनलाल म्हणजे राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांची इथली तिसरी पिढी, कापडाचं दुकान, बोलणं आमच्यासारखंच. स्टुडिओच्या मागची अंधारी कोठी कुंडलिकनं फोटो धुण्यासाठी घेतली. त्या कोठीला एक दार शेठच्या घरात उघडणारं होतं, त्याला कडी कुंडलिकच्या बाजूनं.

आणि इथं ते बायक्रोमेट पुन्हा त्याच्या मागं आलं. पारगावच्या साखर कारखान्यावर तोडणी कामगारांच्या ओळखपत्रांसाठी त्यानं एकदा दिवस मावळताना तीनशे फोटो काढले. उजेड कमी पडला, निगेटिव्ह निघाल्या विरळ, चेहरे असून नसल्यासारखे. माणसं तर टोळीबरोबर पुढच्या फडावर गेलेली. तेव्हा त्यानं मंचरला शिकलेली युक्ती केली. बायक्रोमेट आणि थोडं ॲसिड घातलेल्या पाण्यात निगेटिव्ह सोडली की चित्र पुसट, पिवळट होतं. ती धुऊन परत डेव्हलपरमध्ये घातली की पहिल्यापेक्षा दाट होऊन येते. तीनशेच्या तीनशे चेहरे त्यानं असे परत आणले. तेव्हापासून ते खडे त्याच्याकडं कायम असायचे.

मोठी बरणी ट्रंकेत कुलपात. त्यावर कवटीचं चित्र. रोजच्या वापराचे आठ-दहा ग्रॅम मात्र एका छोट्या डबीत, कोनाड्यात. ती डबी केसराची होती. शेठच्या पत्नी उगमबाई देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला रोज केसर उगाळायच्या आणि रिकाम्या डब्या कुंडलिकला द्यायच्या. घट्ट झाकणाची, ओल न धरणारी डबी याला कुठं मिळणार होती? मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा डोकंच फिरलं माझं. हे खडे दिसायला नारिंगी, वास नाही, पाण्यात पडले की रंग केसरी. चहाच्या चमच्यातला अर्धा चमचा पोटात गेला तरी माणूस मूत्रपिंडं निकामी होऊन जातो. आणि हा ते ठेवतो कशात, तर केसराच्या डबीत. मी चार शिव्या हासडल्या. त्यानं माझं समाधान व्हावं म्हणून खिळ्यानं झाकणावर फुली ओढली आणि डबी परत कोनाड्यात ठेवली. मीही पुढं विसरलो. ही माझीही चूक, आधीच सांगून टाकतो.

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात मदनलालशेठच्या थोरल्या मुलाच्या मुलीची, रिद्धीची, दीक्षा ठरली. वीस वर्षांची मुलगी, कॉलेजात शिकणारी. हसरी, चटपटीत. ती अकरा वर्षांची होती तेव्हापासूनचे तिचे सगळे फोटो कुंडलिकनं काढलेले. त्याला मूलबाळ नव्हतं. ती त्याला कुंडलिककाका म्हणायची आणि त्याच्या अंधाऱ्या खोलीत उभी राहून कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना बघायची. दीक्षेची बातमी कळली त्या दिवशी तो स्टुडिओ बंद करून नदीवर जाऊन बसला होता.

दीक्षा म्हणजे घर सोडून साध्वी होणं. त्या सकाळी डोक्यावरचे केस उतरवतात आणि शेवटच्या काही बटा गुरुणी हातानं उपटून काढतात. मग पांढरी वस्त्रं अंगावर चढतात, ती जन्मभर. आदल्या दिवशी त्या पांढऱ्या वस्त्रांवर घरातली आणि समाजातली माणसं केसराच्या पाण्याचे छांटे देतात. त्याला फार मान. म्हातारेकोतारेसुद्धा रांगेत उभे राहतात.

तो छांट्यांचा दिवस. सकाळी नऊला शेठच्या घरातल्या मोठ्या खोलीत गर्दी जमली होती. पाटावर वस्त्रांची घडी, शेजारी चांदीची मोठी वाटी. कुंडलिक कॅमेरा घेऊन हजर. हार सुकू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळी हारांच्या टोपल्या त्याच्या थंड कोठीत ठेवल्या होत्या, म्हणून मधल्या दाराची कडी काढलेली होती.

पुढं काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. उगमबाईंनी वाटीत पाणी वाढवलं, रंग फिका पडला. त्या धाकट्या सुनेला, राखीला, म्हणाल्या की हे काय केसर झालं, आण आणखी. केसराचा साठा कपाटात आणि कपाटाची किल्ली शेठच्या कमरेला. शेठ उपाश्रयात, साधूंच्या मुक्कामाच्या जागी, महाराजसाहेबांकडं गेलेले. राखी सव्वीस वर्षांची, सासूला घाबरून असलेली. हार आणायला ती कोठीत गेली तेव्हा तिला कोनाड्यात केसराची डबी दिसली. कोठीत फक्त लाल दिवा होता. लाल उजेडात नारिंगी आणि केसरी सारखंच दिसतं, फुली तर मुळीच दिसत नाही. हाताला चुरा लागला, तो कुटलेल्या केसराचा समजून तिनं तिथंच डबी मुठीत ओतून घेतली, बाहेर आली आणि वाटीत टाकली. बोटानं ढवळली. रंग असा झळकला की बायका वा वा म्हणाल्या. खरं केसर आधीच वाटीत होतं, त्यामुळं वासही बरोबर होता.

कुंडलिकनं कॅमेऱ्यातून छांटे पडताना पाहिले. नंतर तो मला म्हणाला की तेव्हाच त्याला काहीतरी खटकलं होतं. केसराचा थेंब कापडावर पसरतो, कडेला फिका होत जातो. हे थेंब गडद होते, कडा धरून बसलेले. पण दीडशे माणसं, आरती, ढोल, आणि कोणाचा फोटो चुकला तर बोलणी खायची. तो खटाखट काढत राहिला. छांटे संपले, वस्त्रं छाबेत, म्हणजे सजवलेल्या परडीत, ठेवली आणि दहा वाजता वरघोडा निघाला. दीक्षार्थीची ती मिरवणूक. छाब बायकांच्या डोक्यावर. कुंडलिक नवा रोल आणायला कोठीत आला, आणि त्याला कोनाड्यात डबी आडवी, झाकण उघडं, रिकामी दिसली. दिव्याच्या बटणावर नारिंगी बोटाचा ठसा होता.

तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला तेव्हा मी एका म्हातारीला खोकल्याचं औषध देत होतो. म्हातारी जाईपर्यंत तो बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "रामदास, डबी गेली. केसरात गेली."

मी विचारलं, कोणी प्यायलं का? नाही, प्यायचं नव्हतं. पण वरघोडा साडेबाराला परतला की उरलेलं पाणी उगमबाई सगळ्यांच्या कपाळाला आणि डोळ्यांना लावणार होत्या. त्या घरची ती पद्धत होती. लहान मुलंही रांगेत असणार. डोळ्यात गेलं तर काय होईल ते मला सांगायला नको होतं. वाटी घरात झाकून ठेवलेली होती.

आता मी काय केलं ते सांगतो. मी त्याला म्हणालो की घरात जा, वाटी मोरीत ओत, धक्का लागून सांडली म्हण, आणि तोंडातून एक अक्षर काढू नको. वस्त्रांवरचे थेंब सुकलेत, चिमूटभरसुद्धा नसतील, त्यानं कोणी मरत नाही. तू बोललास तर दीक्षेत विष कालवलं म्हणून लोक तुला जिवंत ठेवणार नाहीत, पोलिस वेगळे. मी हे सगळं शहाणपणाच्या आवाजात बोललो. मला आजही त्याची लाज वाटते.

कुंडलिकनं ऐकून घेतलं. मग उजवा हात माझ्या काउंटरवर ठेवला, ते तीन खळगे वर करून.

"उद्या पोरीच्या डोक्यावर केस राहायचा न्हाई," तो म्हणाला. "कातडं सोललेलं आसंल. त्याच्यावर त्योच कपडा घेणार ती, डोक्यावरून. घाम आला की सुकल्यालं परत वलं व्हतं. आन् ते दुखत न्हाई, रामदास. तिला कळायचंबी न्हाई. कळलं तरी ती बोलायची न्हाई, साध्वी झाल्यावर."

त्याचं खरं होतं. सोललेल्या कातडीतून ते विष आत शिरतं, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं आणि त्यानं भोगलेलं होतं. मी म्हणालो, निदान शेठला बाजूला घेऊन सांग. तो हो म्हणाला. पुरावा म्हणून वाटीतलं पाणी राहू दे म्हणाला, आणि कोठीतली एक बाटली खिशात घालून बाहेर पडला.

मी एसटीडीवरून पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, लागलेली जागा भरपूर पाण्यानं धुवा आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं पुसा, त्यानं विषाचा जोर मोडतो. दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या मी खलबत्त्यात कुटायला बसलो. गिऱ्हाइकं येत होती, परत जात होती. बाहेर ढोल जवळ येत होता. साडेबाराच्या ऐवजी बारालाच वरघोडा परतला होता. मी पूड कागदात बांधली आणि शटर अर्धंच ओढून पळालो.

पोचलो तेव्हा शेठच्या घराचा ओटा माणसांनी भरला होता. कुंडलिक वरघोड्यापासूनच शेठच्या मागं मागं होता, पण शेठभोवती पाहुणे. शेठनं दोनदा हात करून नंतर, नंतर म्हटलं. तेवढ्यात उगमबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांत पुढं त्यांचा पाच वर्षांचा नातू अंकित होता, राखीचा मुलगा. उगमबाईंनी अंगठीचं बोट वाटीत बुडवायला उचललं आणि कुंडलिकनं पुढं होऊन आपला पंजा वाटीवर ठेवला.

पूजेच्या केसराला तिथं आंघोळ करून, शुद्ध कपड्यांनीच शिवतात. हा खांद्याला चामड्याचा पट्टा लावलेला, घामेजलेला माणूस, आणि त्याचा हात थेट वाटीवर.

"आजी, ह्याला बोट लावू नगा," तो म्हणाला. "ह्यात इख हाय."

शेठ लाल झाले. पण ओरडले नाहीत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "कुंडलिक, हात काढ. हे केसर मी स्वतः आणलंय." कुंडलिक हात काढीना. जिनेश, म्हणजे राखीचा नवरा, त्याच्या दंडाला धरायला पुढं सरसावला. तेव्हा कुंडलिकनं दुसऱ्या हातानं खिशातली बाटली काढून शेठपुढं धरली. त्यात मेटाबायसल्फाइटची पांढरी पूड होती. ती प्रत्येक स्टुडिओत असते, फोटो पक्का करायच्या पाण्यात घालतात. त्यानं दोन वाट्या मागितल्या. एकीत शेठनं कपाटातून ताजं केसर काढून पाण्यात कालवावं, दुसरीत ह्या वाटीतलं पाणी घ्यावं, आणि दोन्हींत ही पूड टाकावी. इतकंच मागणं होतं.

शेठनं कमरेची किल्ली काढली. त्या दहा मिनिटांत ओट्यावर कोणी बसलं नाही. रिद्धी नवरीसारखी सजलेली, दागिने घालून खांबाला टेकून उभी होती, शेवटच्या दिवसाचे दागिने. तिच्या मागं राखी होती. तिचे दोन्ही हात पदराखाली होते, आणि तिचा चेहरा पाहून मला सगळं समजलं.

शेठनं स्वतः चिमूट टाकली. ताज्या केसराची वाटी पिवळीची पिवळी राहिली. दुसऱ्या वाटीतलं पाणी नारिंगीचं तपकिरी झालं, मग बघता बघता हिरवं. शेवाळलेल्या टाक्यासारखं हिरवं. उगमबाईंच्या हातातून मोठी वाटी मी काढून घेतली. अंकितला कोणीतरी मागं ओढलं.

"कोणी टाकलं हे?" शेठनं विचारलं.

राखीचा पदर हलला. कुंडलिकनं तो पाहिला, मीही पाहिला. तिनं तोंड उघडलं असतं तर तिचं त्या घरात काय झालं असतं हे पेठेतलं कोणीही सांगू शकलं असतं. पुतणीचं लग्न असतं तर एक वेळ निभावलं असतं, पण ही दीक्षा होती.

"म्या," कुंडलिक म्हणाला. "डबी माझी. काल हारांच्या टोपल्या आत घेताना म्या ती चुकून तुमच्या फडताळात ठिवली. कुणाचा दोष न्हाई."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. रिद्धीही त्याच्याकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली.

त्यानंतर माझी धावपळ. बादलीत पूड विरघळवली, ज्यानं ज्यानं वाटीत बोट घातलं होतं त्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. राखीचे हात मी सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात धरले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती वस्त्रं शेठनं पुरायला लावली, दुकानातून नवा पांढरा ताका आला, खऱ्या केसराचे छांटे पुन्हा दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या मुहूर्ताला दीक्षा झाली. फोटो काढायला मंचरहून दुसरा माणूस आणला होता.

शेठ वाईट माणूस नव्हते. महिन्याभरानं त्यांनी कुंडलिकला बोलावून सांगितलं की माझ्या मनात काही नाही, पण बायका त्या दारासमोरून जायला घाबरतात. कुंडलिकनं खोली सोडली. खोली गेली त्याचं त्याला एवढं लागलं नाही. पण लोक त्याच्या हातचं घेईनासे झाले. चहाच्या टपरीवर त्यानं कोणापुढं कप सरकवला तर तो कप तसाच राहायचा. सत्यनारायणाच्या प्रसादाला त्याला वाढायला कोणी बोलवायचं नाही. नवरीच्या फोटोला तर कोणी येईचना. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं टाळणं.

राखीच्या दोन बोटांना पुढं जखमा झाल्या. सहा आठवडे ती पट्टी बांधायला माझ्या दुकानात येत होती. मी रोज ठरवायचो की आज हिला चार शब्द सुनावायचे, आणि रोज पट्टी बांधून गप्प बसायचो. कुंडलिकनं मला उज्ज्वलावहिनींची शपथ घातली होती. "त्या बाईला नांदायचं हाय तिथं," एवढंच तो म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. असला मोठेपणा माणसाला परवडत नाही, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं.

तो पिंपळवंडीला परत गेला. रस्त्याच्या कडेला घर, पुढच्या खोलीत कॅमेरा. काही वर्षं ओळखपत्रं, रेशनकार्डं यांवर भागलं. मग रंगीत लॅब आल्या, मग फिल्मच नसलेले कॅमेरे आले, आणि मोठी बरणी त्यानं माझ्या सल्ल्यानं पुण्याच्या एका कंपनीला परत दिली. तोवर मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती. डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं. उज्ज्वलावहिनी रोज पहाटे तांब्याचा हंडाभर पाणी उकळून ठेवायच्या. मी महिन्यातून एका रविवारी त्याच्या गोळ्या घेऊन जायचो.

दोन हजार सात सालचा असाच एक रविवार, मार्गशीर्षातला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. माझ्या पिशवीत त्याच्या गोळ्या आणि माझी पाण्याची बाटली. नाशिक रस्त्याकडून चार साध्वी अनवाणी चालत येत होत्या. हे नेहमीचं दृश्य, त्या गावोगाव पायीच जातात. त्यांतली एक थांबली आणि फाटकाशी आली. भिक्षा मागताना त्या म्हणतात तसं म्हणाली, "धर्मलाभ."

कुंडलिक उठून उभा राहिला. मी नाही ओळखलं तिला. त्यानं ओळखलं. ज्याचे शंभर फोटो काढले तो चेहरा त्याला केसांशिवायही कळला.

"उकळलेलं पाणी मिळेल?" तिनं विचारलं.

"हाय."

"कोणासाठी उकळलंय?" त्यांना हे विचारावं लागतं. त्यांच्यासाठी मुद्दाम चूल पेटवलेली त्यांना चालत नाही.

"माझ्यासाठी," कुंडलिक म्हणाला. "डाक्टरनं सांगितलंय." मग तो आत वळून म्हणाला, "उज्ज्वला, महाराजांना पाणी दे."

"तुम्हीच द्या," साध्वी म्हणाली आणि लाकडी पात्र पुढं केलं.

कुंडलिकनं आपल्या हातांकडं पाहिलं. नऊ वर्षांत त्या हातचं पाणी कोणी मागितलं नव्हतं. तो आत गेला, तांब्या भरून आणला आणि वरून धार धरली. थोडं पाणी तिच्या पायांवर सांडलं. पात्र भरल्यावर ती तशीच उभी राहिली.

"त्या सकाळी राखीकाकीला तुमच्या खोलीतून मूठ बंद करून बाहेर येताना मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी बोलले असते तर घरात आकांत होऊन दीक्षा थांबली असती. म्हणून तुम्हाला दोष घेऊ दिला. दरवर्षी संवत्सरीला सगळ्या जिवांची क्षमा मागते तेव्हा तुमचं नाव घेते. पण ते तुम्हाला ऐकू जात नाही. मिच्छामि दुक्कडम्, कुंडलिककाका."

साध्वीला काका नसतो. तिच्याही ते लक्षात आलं असावं, पण तिनं शब्द मागं घेतला नाही. कुंडलिकनं तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या वस्त्राकडं पाहिलं आणि विचारलं, "डोकं बरं हाय ना पोरी? कुठं जखमबिखम न्हाई ना झाली?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ती पात्र सांभाळत बाकीच्या तिघींना गाठायला निघून गेली.

उज्ज्वलावहिनी दारात पदर तोंडाशी धरून रडत होत्या. कुंडलिक रिकामा तांब्या घेऊन ओट्यावर बसला. आणि मला माझ्या पिशवीतली बाटली दिसली. नऊ वर्षं मी त्याच्याकडं येत होतो, आणि नऊ वर्षं घरून पाणी घेऊन येत होतो. सवय म्हणायचो, पोट नाजूक आहे म्हणायचो. खरं काय ते मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी मीही तेच केलं होतं. त्यानं मला कधी विचारलं नाही. त्याला कळत नव्हतं असं मी समजत होतो.

मी बाटली पिशवीतच राहू दिली. म्हणालो, "कुंडलिक, मलाबी पाणी दे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग उठला आणि तांब्या भरायला आत गेला.